दोन रिंगा

डोळ्यांत तिसऱ्यांदा थेंब पडले तेव्हा टिटवीला वाटलं, आज सुट्टी घ्यायला नको होती. कारण काहीच नव्हतं. पण ती विनाकारण अस्वस्थ होणाऱ्यांतली होती, आणि खरं सांगायचं तर तिला पगारच त्याचा मिळत होता.

पाणीपुरवठा मंडळात ती संगणकांची राखण करायची. चोर कुठल्या फटीतून शिरेल, कोणाच्या भोळेपणाचा हात धरून आत येईल, याचा विचार करत बसायचं आणि त्या फटी बुजवायच्या, हे तिचं काम. ऑफिसात तोंडावर तिला मॅडम म्हणत आणि पाठ वळली की कुलूपबाई. टिटवी हे घरचं नाव. लहानपणी ती रोज संध्याकाळी ‘काहीतरी होणार, काहीतरी होणार’ करत घरभर फिरायची म्हणून बाबांनी ठेवलेलं. शेजारीपाजारी हसायचे तेव्हा बाबा म्हणायचे, हसू नका, टिटवी देखील समुद्र आटवते. पोरगी पुढं त्याच ओरडण्यावर पोट भरेल हे तेव्हा त्यांना कुठं माहीत होतं. आपणही तिला टिटवीच म्हणू.

“अर्धा तास अशाच बसा,” नर्स म्हणाली. “आज वाचायचं नाही, गाडी चालवायची नाही, फोनमध्ये बघायचं नाही.”

“वाजला तर?”

“वाजला तर कानाला लावा. कानात नाही घातले मी थेंब.”

टिटवी हसली आणि डोळे मिटून बसली. पण मन कुठं मिटतंय. आपण बाबांना न सांगता इथं आलोय, हे तिच्या मनात चपलेतल्या खड्यासारखं टोचत होतं.

आता बाबांना डोळ्यांच्या दवाखान्याचं काय सांगायचं, असं कोणीही म्हणेल. पस्तिशीची बाई, स्वतःचं घर, स्वतःची नोकरी. पण गोष्ट तशी नव्हती. बाबा त्याच मंडळात होते. शहराबाहेर नदीकाठी जे जलशुद्धीकरण केंद्र आहे, तिथं ते सत्तावीस वर्षं शिफ्टप्रमुख. दुपारची शिफ्ट त्यांचीच. आणि त्या केंद्राच्या भिंतीवर एक यादी होती, तीत टिटवीचं नाव होतं.

यादीची गोष्ट तीन महिन्यांपूर्वीची.

हल्ली कोणाचाही आवाज यंत्राला शिकवता येतो. थोडं बोलणं ऐकवलं की पुरे. यंत्र मग त्या आवाजात हवं ते बोलतं, मध्येच दम घेतं, खाकरतंसुद्धा. अशा आवाजाला आपली माणसं फसतात का, हे टिटवीला पाहायचं होतं. दुसऱ्याचा आवाज घेणं बरं दिसलं नसतं म्हणून तिनं स्वतःचाच दिला. तोही तयारच होता. कर्मचाऱ्यांना शहाणं करण्यासाठी तिनं चाळीस व्हिडिओ केले होते, मंडळाच्या वेबसाइटवर कोणालाही बघता येतील असे. मग एका सकाळी त्या यंत्रानं सगळ्या केंद्रांवर फोन लावले. पाच ठिकाणी माणसांनी फोन ठेवून दिला. सहाव्या ठिकाणी, नदीकाठी, त्या दिवशी सकाळपाळीवर असलेल्या बाबांनी उचलला.

“बाबा, मी बोलतेय. दोन नंबरचा पंप बंद करा लगेच. कारण नंतर सांगते.”

बाबांनी पंप बंद केला.

कामावर असताना तिनं कधी त्यांना बाबा म्हटलं नव्हतं. सगळ्यांसारखी तीही साहेबच म्हणायची. त्या केंद्राच्या फोनसाठी ‘बाबा’ हा शब्द तिनंच टंकला होता, कारण खरा चोर तेच करेल. हिशेब चोख होता. अहवालही चोख झाला, सहा केंद्रं, सहा नावं, एक नापास. बैठकीत मोठे साहेब हसत म्हणाले, “काय हो, स्वतःच्या मुलीचा आवाज ओळखता येत नाही?”

बाबांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास सरळ केला. “ओळखला,” ते म्हणाले, “म्हणूनच फसलो.”

टिटवीला तेव्हाच कळायला हवं होतं की आपण पंपाची परीक्षा घेतलेली नाही. पण ती पुढचा मुद्दा मांडायला लागली. कधी कधी हुशार माणसाइतकं आंधळं कोणी नसतं.

पुढचा मुद्दा म्हणजे नियम. फोनवर आलेला कसलाही हुकूम पाळायचा नाही, मग आवाज कोणाचाही असो. फोन ठेवायचा, भिंतीवरच्या यादीतला नंबर आपण स्वतः फिरवायचा, आणि तिथं माणूस भेटला तरच ऐकायचं. यादीत मोबाइल नाही, कारण मोबाइलचा नंबर चोरता येतो; भिंतीतून तार गेलेला फोनच चालेल. जागा सोडताना यादीतल्या माणसानं केंद्राला कळवायचं. बाबांनी ही यादी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत स्वतः लिहिली. दोनच नावं, मुख्य अभियंता आणि कुलूपबाई. तिच्या नावापुढं कामाच्या दिवशी ऑफिसचा नंबर, आणि सुट्टीच्या दिवशी आईबाबांच्या घरचा, कारण तिच्या स्वतःच्या घरी तारेचा फोन नव्हता.

आईबाबांच्या घरी तो का होता, तर एका सवयीपायी. बाबा कामावर पोचले की घरी फोन लावायचे, दोन रिंगा होऊ द्यायचे आणि ठेवायचे. म्हणजे पोचलो. आईला काही हवं असलं की ती तिकडं दोन रिंगा द्यायची; हातातलं काम उरकलं की बाबा फोन करायचे. केंद्रावरचा फोन जुन्या ठोकळ्याचा, नंबर न दाखवणारा. पण दोन रिंगा होऊन थांबलं की तिथल्या पहारेकऱ्यालाही कळायचं की हे घरचं आहे. मुलांनी मोबाइल दिले, ते कपाटात गेले. दोन रिंगा मात्र चालू राहिल्या.

तर त्या बैठकीनंतर बाबा टिटवीशी फोनवर बोलेनासे झाले. अबोला नव्हता. घरी गेलं की पानावर बसायचे, पण बोलणं आईमार्फत. “तिला म्हणावं, वाढून घे.” आणि कामासाठी फोन केला की पलीकडून कोरड्या आवाजात एकच वाक्य यायचं, “ठेवा, मी फिरवतो.” आपल्या मुलीला ठेवा म्हणायचे. नियम तिचाच होता, तक्रार कोणाकडं करणार?

म्हणूनच आज तिनं त्यांना कळवलं नव्हतं. मुख्य अभियंता परगावी निघालेले, दुपारभर विमानात. म्हणजे आज यादीत ती एकटीच. आईच्या घरापासून दवाखाना सात मिनिटांवर. तासाभराचं काम, असा विचार करून ती आईला सांगून निघाली. ते ‘ठेवा’ आज तिला ऐकायचं नव्हतं.

फोन वाजला. तिनं चाचपडत कानाला लावला. मुख्य कार्यालयातल्या आवक-जावकच्या बाई होत्या. येणारी-जाणारी पत्रं नोंदवणं हे त्यांचं काम, आणि सगळ्यांची काळजी करणं हा छंद.

“मॅडम, दिला बरं का तो आकडा. म्हटलं, कळवून टाकावं.”

“कोणता आकडा?”

“अहो, मघाशी तुम्हीच नाही का फोन केलात? डोळ्यांत थेंब घातलेत, काही दिसत नाही, तुमच्या टेबलावरच्या यंत्रावर सहा आकडे आलेत ते वाचून दाखवा म्हणून. मी म्हटलं, बाई काय कामाची आहे, डोळ्यांत थेंब असतानासुद्धा जिवाला चैन नाही.”

टिटवी खुर्चीत ताठ झाली. “मी फोन नाही केला.”

“नंबर तुमचाच होता हो. आवाजही. शेवटी ‘काळजी घ्या’सुद्धा म्हणालात, नेहमीसारखं.”

“थेंबांचं त्यांना कसं कळलं?” हे ती बाईंना नाही, स्वतःलाच विचारत होती. आणि उत्तरही तिलाच सापडलं. सकाळी तिनं ईमेलवर एक शिष्टाचाराचं उत्तर लावून ठेवलं होतं. कोणीही पत्र पाठवलं की त्याला आपोआप मिळायचं, ‘आज डोळ्यांच्या तपासणीसाठी रजेवर आहे.’ सगळ्या फटी बुजवणारी बाई, आणि दाराबाहेर स्वतःच्या हातानं पाटी लावून गेलेली.

“बाई, नीट ऐका. तुम्ही आता—” इतकं म्हणाली आणि फोन मुका झाला. नुसता मुका नाही, मेला. तिनं तो नर्सपुढं धरला. “काय दिसतंय?”

“नेटवर्क नाही म्हणतंय,” नर्स म्हणाली. “माझ्या फोनला तर आहे.”

मघाशी चोरानं तिचा नंबर नुसता दाखवला होता; आता तो पुरताच गेला होता. आता जगात कुठंतरी दुसऱ्याच कोणाच्या हातात तो वाजणार होता.

ते सहा आकडे कशाचे, हे टिटवीला पुरतं ठाऊक होतं. केंद्रावरच्या यंत्रांची देखभाल करणारी माणसं दुरून आत येतात, त्या दाराची ती किल्ली. आत आलेल्याला पाण्यात क्लोरीन किती सोडायचं ते ठरवता येतं, आणि पडद्यावर काय दिसायचं तेही. मुख्य कार्यालयातून ते दार लावता येत नाही. तशी सोय तिनंच केली होती, म्हणजे कार्यालय पडलं तरी केंद्र पडू नये. दार लावायचं तर केंद्रावरच्या कपाटातली निळी वायर हातानं ओढायची, एवढंच.

“किती वाजले?”

“चार वाजून बारा.”

पाच वाजता संध्याकाळचं पाणी सुटतं. टाकीत जे असेल ते पाच वाजता शहरातल्या नळांना.

दवाखान्यातल्या फोनवर तिनं नर्सला नंबर सांगितला. तो पाठ असायला डोळे लागत नाहीत. तिसऱ्या रिंगेला फोन उचलला गेला.

“शुद्धीकरण केंद्र.”

“बाबा, मी बोलतेय. निळी वायर ओढा. आत्ता. कोणीतरी आत शिरलंय.”

पलीकडून तोच कोरडा आवाज. “दहा मिनिटांपूर्वी याच आवाजात फोन आला होता. दुरुस्तीचं काम चालू आहे, आकडे हलले तरी कशाला हात लावू नका. मी ठेवला आणि यादीवर फिरवला. तिथं यादीतलं माणूस नाही.”

“ती मी नव्हते.”

“असेल. तुम्ही आहात हे मला कसं कळावं?”

‘तुम्ही’ म्हणाले. “बाबा, मी टिटवी.”

“ते नाव तुमच्या व्हिडिओत आहे. सात नंबरच्या. सगळे हसले होते.” सात नंबरचा व्हिडिओ बाबांनी पाहिला होता, हे तिला त्या घडीला कळलं. “ठेवा, मी फिरवतो.”

“बाबा, मी घरी नाहीये, सात मिनिटं थांबून फिर—”

फोन ठेवला गेला होता. ते आता लगेच घरी फिरवतील, आई खरं काय ते सांगेल, आणि बाबांच्या लेखी ती दुसऱ्यांदा खोटी ठरेल. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. रिंग वाजत राहिली. नर्सनं काही विचारायच्या आत ती दाराबाहेर पडली होती.

बाहेर ऊन होतं, आणि थेंबांनी बाहुल्या उघड्याच ठेवल्या होत्या. जगाला कोणीतरी चुना फासावा तसं सगळं पांढरं. रस्ता पांढरा, भिंती पांढऱ्या, माणसं म्हणजे हलणारे डाग. तिनं डोळ्यांवर ओढणी धरली आणि डाव्या हातानं भिंत धरून निघाली. पहिल्या कोपऱ्यावर धोबीखाना, तिथल्या वाफेचा वास यायला हवा. आला. पुढं सुताराच्या करवतीचा आवाज. मग उजवीकडं वळून चढ. या रस्त्यानं ती शाळेत गेली होती. डोळ्यांना आठवत नव्हतं ते पायांना आठवत होतं. तरी एका उभ्या गाडीवर गुडघा आपटला. कोणीतरी “बघून चाला की” म्हणालं. ती “बघून नाही चालता येत” म्हणाली आणि तशीच पुढं पळाली.

तिला बाबांचा संताप आला. पोटच्या पोरीचा आवाज, त्यातला जीव, त्यातली घाबरगुंडी, काही म्हणून काही कळू नये माणसाला? मग स्वतःचा आला. कळलं होतंच की एकदा. कळलं म्हणून पंप बंद केला, आणि तिनं त्या कळण्याला नापास केलं. दुधानं तोंड पोळलेल्यानं ताक फुंकून प्यायलं तर चूक कोणाची? दूध पाजणाऱ्याचीच. चढावर तिला धाप लागली, पण थांबायची सोय नव्हती. बाबा बरोबर वागत होते हेच सगळ्यात वाईट होतं. ते थोडे चुकीचे वागले असते तर आत्ता वायर ओढली गेली असती. आणि त्यांनी चुकीचं वागू नये यासाठी तिनं तीन महिने जिवाचं रान केलं होतं.

आई दारातच होती. “अगं, हळू. ह्यांचा दोनदा फोन येऊन गेला. तू आहेस का म्हणून.”

“काय सांगितलंस?”

“नाहीये म्हणून. खोटं कशाला सांगू?”

टिटवीनं आत जाऊन फोनवर झडप घातली आणि बोटांच्या अंदाजानं नंबर दाबला. वाजत राहिला. पुन्हा. वाजत राहिला. बाबांनी आता उचलायचंच सोडलं होतं. येणारा प्रत्येक फोन खोटा. ज्याला खरं काही सांगायचं असेल तो यादीवर सापडेल. आणि यादीवर त्यांनी दोनदा पाहिलं होतं. तिसऱ्यांदा कशाला बघतील?

“आई, किती वाजले?”

“साडेचारला पाच कमी. काय झालंय? एका वाक्यात सांग.”

“कोणीतरी माझा आवाज काढून पाण्यात जास्त क्लोरीन सोडतंय, आणि बाबांना मीच खोटी वाटतेय.”

टॅक्सीनं केंद्र पाऊण तास. पोचेपर्यंत पाच वाजून गेलेले असतील. तिनं पुन्हा फोन उचलला तेव्हा आईनं तो तिच्या हातातून काढून घेतला. न रागावता, लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घेतात तसा. नंबर लावला. कानाला लावून उभी राहिली. एक रिंग झाली. दुसरी झाली. आईनं फोन ठेवला.

“आता?” टिटवीनं विचारलं.

“आता बसायचं. हातातलं झालं की करतील.”

“हातातलं म्हणजे काय? किती वेळ?”

“ते मला काय माहीत. सत्तावीस वर्षांत कधी विचारलं नाही.”

“आई, इतका वेळ नाहीये. त्यांना वाटेल हाही चोराचाच फोन.”

“चोराला बोलायचं असतं,” आई म्हणाली. “न बोलता ठेवून द्यायला चोर कशाला फोन करेल?”

चाळीस व्हिडिओंत टिटवीनं हे वाक्य कुठंही म्हटलेलं नव्हतं.

ती बसली, उठली, पुन्हा बसली. आई वाळलेले कपडे घड्या घालत राहिली. टिटवीचा हात फोनकडं जायचा आणि आई न बघता म्हणायची, “लाइन अडवू नकोस.” भिंतीवरच्या घड्याळाचा पांढरा गोळा दिसत होता, काटे दिसत नव्हते. टिकटिक तेवढी ऐकू येत होती. तिनं मनात हिशेब मांडला. बाबा आत्ता पाणी गाळणाऱ्या फिल्टर बेडच्या कडेनं फेरी मारत असतील. साडेचारची फेरी. परत यायला दहा मिनिटं. मग वहीत नोंद. मग पहारेकरी सांगेल, घरून दोन रिंगा झाल्या. त्यानं ऐकल्या असतील तर. तो नेमका बाहेर गेला नसेल तर. आणि तोवर पडद्यावर सगळं हिरवं, सगळं ठीक, आणि टाकीत काय मिसळतंय ते टाकीला ठाऊक. तिला रडायला आलं, पण डोळ्यांतून पाणी आधीच वाहत होतं, त्यामुळं तिचं तिलाही नीट कळलं नाही.

“किती वाजले?”

“तू आत्ताच विचारलंस.”

“तरी.”

“पावणेपाच व्हायला आलेत.”

फोन वाजला. आईनं तो दुसऱ्या रिंगेनंतरही वाजू दिला, तिसरी होईपर्यंत थांबली आणि मग उचलला. खोली लहान, बाबांचा आवाज टिटवीला स्वच्छ ऐकू येत होता.

“काय गं?”

“ही आलीय.”

“आली म्हणजे? फोनवर आली की घरात आली?”

“घरात. माझ्यासमोर उभी आहे.”

बाबा म्हणाले, “हात लावून सांग.”

आईनं एका हातात फोन धरला आणि दुसरा हात टिटवीच्या गालावर ठेवला. मग कपाळावर. मग खांद्यावर, सावकाश, घाई नसल्यासारखा. “लावला,” ती म्हणाली. “घामानं चिंब आहे. गुडघा फोडून घेतलाय. आणि डोळे बाहुलीसारखे झालेत.”

“दे तिच्याकडं.”

“बाबा, निळी वायर,” टिटवी म्हणाली. दुसरं काही बोलायला सुचलं नाही. “क्लोरीनचा पंप मॅन्युअलवर घ्या. आणि पाचचा व्हॉल्व्ह उघडू नका.”

“थांब.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज. पावलं. कपाटाचं दार करकरलं. मग बराच वेळ काही नाही, फक्त दूरवर पंपांची घरघर, आणि त्यातला एक पंप थांबल्यावर घरघरीत पडलेली फट. मग पावलं परत.

“ओढली. पडद्यावर अजून सगळं हिरवंच आहे. बाटली भरून आणलीय, थांब.” काचेचा किणकिणाट. तपासणीचं द्रावण बाटलीत टाकतात, पाणी फिकट पिवळं झालं की ठीक. हे टिटवीला लहानपणापासून माहीत होतं. शाळेच्या सुट्टीत बाबांनी तिला त्या रांगेतल्या बाटल्या दाखवल्या होत्या.

“नारिंगी,” बाबा म्हणाले. “लालच म्हण.”

“टाकीत?”

“टाकीच्या तोंडाशी. आत थोडं गेलं असेल. टाकी बाहेर सोडून देतो. आज शहराला पाणी उशिरा. शिव्या खाऊ.” त्यांनी पहारेकऱ्याला काहीतरी ओरडून सांगितलं. मग फोनवर परत आले. टिटवीनं ठेवला नव्हता.

“डोळ्यांना काय झालंय?” बाबांनी विचारलं.

“काही नाही. तपासणी होती.”

“मला सांगायचं नाही का?”

“सांगणार होते.” तिला आता खोटं बोलायचं नव्हतं. “तुम्ही म्हणाला असतात, ठेवा, मी फिरवतो.”

“म्हटलं असतं,” बाबा म्हणाले. “आणि फिरवला असता.”

तीन महिने ती त्या वाक्याचा अर्धाच भाग ऐकत आली होती. आईनं खांद्यावरचा हात अजून काढला नव्हता.

“बाबा, त्या दिवशी यंत्राला ‘बाबा’ म्हणायला लावलं, ते करायला नको होतं मी.”

“हं,” बाबा म्हणाले. “व्हॉल्व्हकडं जातो.” आणि फोन ठेवला.

अहवाल तिलाच लिहावा लागला. या वेळी त्यात एकच नाव होतं. यादीतली व्यक्ती न कळवता जागेवरून गेली, हे तिचं. आपला आवाज आणि आपली दिनचर्या वेशीवर टांगली, हेही तिचंच. आकडा वाचून दाखवणाऱ्या बाईंचं नाव तिनं चुकांच्या रकान्यात घातलं नाही. त्यांनी मनात काही न ठेवता फोन केला म्हणून तर कळलं, तेव्हा ते ‘प्रथम कोणी कळवलं’ या ओळीत गेलं. बाई तीन दिवस रडत होत्या, ती ओळ वाचल्यावर थांबल्या. ‘ओळख कशी पटवली’ या रकान्यात टिटवीनं लिहिलं, ‘हात लावून.’ मोठ्या साहेबांनी विचारलं, याला काही तांत्रिक शब्द नाही का? ती नाही म्हणाली. मग त्याच बैठकीत तिनं आधीचा अहवाल काढला, सहा केंद्रं, सहा नावांचा, आणि सांगितलं की त्यातली परीक्षा चुकीची होती, आणि ती बाबांची चूक नव्हती. बाबांनी पुन्हा एकदा पाण्याचा ग्लास सरळ केला. या वेळी मोठे साहेब हसले नाहीत.

व्हिडिओ वेबसाइटवरून उतरले. ‘रजेवर आहे’ एवढंच लिहायचं, कशासाठी ते नाही, असं ठरलं. मुख्य कार्यालयातही भिंतीवर एक पुठ्ठा लागला. पण फोनवर बाबा काही बदलले नाहीत. ठेवा म्हणायचे, ठेवायचे, आणि फिरवायचे. फक्त आता टिटवी फोन ठेवून तो परत वाजायची वाट बघायची, आणि तो वाजायचा.

पंधरा दिवसांनी तिनं स्वतःच्या घरात तारेचा फोन घेतला. जोडणाऱ्या माणसानं विचारलं, हल्ली कोण वापरतं हो हे? नंबर तिनं बाबांना एका कागदावर लिहून हातात दिला, आणि दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर त्यांच्या मोठ्या अक्षरांत एक ओळ वाढली.

त्यानंतरच्या सुट्टीला दुपारी तिचा नवा फोन वाजला. ती दुसऱ्या खोलीत होती. काय झालं, कुठली वायर, कोण शिरलं, असं सगळं एकदम मनात येऊन ती धावली, खुर्चीला अडखळली. फोनपाशी पोचून हात पुढं केला तेव्हा दुसरी रिंग संपत होती. मग फोन गप्प झाला.

तिनं घड्याळ बघितलं. काटे स्वच्छ दिसत होते. बाबांच्या शिफ्टची वेळ होती.

पोचले.